प्रार्थनेत काहीच वाटत नाही, नुसती बसून राहते... हे चालतं का?

मेकोसाबागवाली

जय मसीह की सगळ्यांना. बरेच दिवस इथे नुसती वाचून राहिली होती, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

घरी सासूबाई आहेत, मागच्या दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं समजतं अर्धं नाही. मी शाळेत शिकवते, मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये, मुलगा आठवीत. मी शाळेत असते तेवढा वेळ बाई ठेवलीय, बाकी सगळं माझ्याकडे. हे रडगाणं गायला नाही आली, प्रश्न वेगळा आहे.

आधी माझी प्रार्थना चांगली व्हायची. गीत म्हणताना डोळे भरून यायचे, कोणीतरी ऐकून राहिलं असं आतून वाटायचं. आता काही महिने झाले, कोरडं ठाक. बायबल उघडते, दोन ओळी वाचते आणि डोक्यात सिलेंडर संपला, फिजिओवाल्याचे पैसे द्यायचे, पेपर तपासायचे. रात्री आई हाक मारतात तेव्हा उठते, त्यांचं आवरून परत प्रार्थनेला बसते तर तिथेच झोप लागते. एका घरगुती प्रार्थना ग्रुपमध्ये हे बोलले तर मला सांगण्यात आलं की विश्वास कमी पडतोय, आशीर्वाद क्लेम करायला शिक, मोठ्याने माग, आणि एखादं पाप कबूल करायचं राहिलं असेल ते शोध. तिथून घरी आल्यावर जास्तच थकवा यायचा म्हणून सध्या जाणं बंद केलंय.

मग शाळेतली एक कॅथलिक मैत्रीण मला एका शनिवारी सेमिनरी हिल्सला अर्ध्या दिवसाच्या शांत प्रार्थनेला घेऊन गेली. एक छोटा उतारा वाचतात आणि मग वीस-पंचवीस मिनिटं कोणीच बोलत नाही. मला दर्शन-बिर्शन काही झालं नाही हो, मन सगळीकडे फिरून आलं, पण कोणी माझी परीक्षा घेत नव्हतं हेच इतकं बरं वाटलं. घरी आल्यावर मात्र भीती वाटली की हे आपल्यात बसतं का? आमच्याकडे लहानपणापासून प्रार्थना म्हणजे बोलणं, शब्द पाहिजेत. मिस्टर म्हणतात डोळे मिटून गप्पच बसायचं आहे तर सरळ झोपून घे ना, तेवढाच आराम.

तर ही शांत बसण्याची भानगड नेमकी काय आहे, आणि माझ्यासारख्या बाईला घरी जमते का? आणि दुसरं, सगळे म्हणतात धीर धर, धीर धर. धरते बा, पण धीर धरणं म्हणजे करायचं काय, तोंड बंद ठेवायचं एवढंच का?


जुना_सदरकर

बेटा, तुझ्या मिस्टरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण त्यावर नंतर येतो.

आपण नागपूरवाले दिवसातून दहा वेळा एसएफएस म्हणतो, शाळा एसएफएस, कॉलेज एसएफएस, सदरचं कॅथेड्रल एसएफएस, पण हा माणूस कोण होता म्हणून विचारलं तर बहुतेक जण डोकं खाजवतील. संत फ्रान्सिस डी सेल्स, जन्म १५६७, मृत्यू १६२२. जिनिव्हाचा बिशप, पण जिनिव्हा शहर कॅल्विनच्या अनुयायांच्या, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या हातात, त्यामुळे बिशप जिनिव्हाचा आणि मुक्काम कायम आनसीला. त्या काळी लोकांची समजूत अशी की खरी अंतर्मुख प्रार्थना फक्त मठातल्यांनी करायची, संसारी माणसांनी मिस्साला म्हणजे चर्चच्या उपासनेला यावं, दान द्यावं, घरी जावं. या माणसाने लिहायला घेतलं तेच मुळी घरदार, नोकरी, लेकरं असणाऱ्यांसाठी. त्याचं सांगणं असं की शिपायाची भक्ती वेगळी, कारागिराची वेगळी, लग्न झालेल्या बाईची वेगळी, आणि संसारी माणूस पैशाअडक्याकडे साधूसारखं दुर्लक्ष करायला लागला किंवा बिशप जंगलात एकटा जाऊन बसायला लागला तर ती भक्ती हास्यास्पद होते. म्हणजे तू तासभर शांत बसायचं ठरवलंस आणि तिकडे सासू ओल्या चादरीवर पडून राहिली, तर या बिशपने तुला आधी उठवलं असतं.

मन भरकटतं म्हणतेस. त्यावर त्याचा सल्ला साधा आहे. मन पळालं की त्याच्यावर खेकसायचं नाही, हळूच परत आणून प्रभूजवळ ठेवायचं, परत पळालं की परत आणायचं, आणि सगळा वेळ ह्या आणण्यातच गेला तरी वेळ चांगलाच गेला. मला स्वतःला हे कळायला म्हातारपण यावं लागलं, कारण तरुणपणी आपल्याला वाटतं की मन पळालं म्हणजे प्रार्थना नापास.

आता त्याच्याकडे सल्ला मागणाऱ्या एका बाईबद्दल सांगतो, कारण तुझं वाचताना तीच आठवत होती. जेन द शांताल. १६०१ मध्ये नवरा शिकारीत गोळी लागून गेला, पदरात चार लेकरं. सासऱ्याने धमकीच दिली की माझ्या घरी येऊन राहा, नाहीतर लेकरांना इस्टेटीतलं काही मिळणार नाही. सासरा महातिरसट, घरात चालायचं त्याच्या मोलकरणीचं, आणि ही जवळजवळ सात वर्षं त्या घरात राहिली. हिचा आधीचा एक गुरू होता, त्याने हिच्यावर प्रार्थनांचं असं काही वेळापत्रक लादलं होतं की सगळं घर वैतागायचं. फ्रान्सिसने ते सगळं सैल केलं. मग घरातले नोकर म्हणायला लागले की आधीच्या गुरूच्या वेळी बाईसाहेब दिवसातून तीनदा प्रार्थना करायच्या आणि आमच्या डोक्याला ताप व्हायचा, आता दिवसभर प्रार्थना करतात आणि कोणाला काही त्रास नाही. मला हा किस्सा फार आवडतो. आमच्या घरात माझ्या प्रार्थनेबद्दल असं कोणी अजून म्हटलेलं नाही.

आणि या जेनला सगळं गोड गोड लागत होतं असं समजू नकोस. पुढे १६१० मध्ये दोघांनी मिळून व्हिजिटेशन नावाचा संघ काढला, तोसुद्धा मुद्दाम अशा बायकांसाठी ज्यांची तब्येत किंवा वय कडक मठांना झेपणारं नव्हतं. ती संस्था वाढवताना वर्षानुवर्षं तिच्या आत कोरडेपणा, शंका, अंधार. ती १६४१ ला गेली, आणि बाहेरच्या लोकांना वाटायचं की ही बाई किती शांत. तेव्हा तुला काही वाटत नाही यावरून तुझा विश्वास मोजणारे जे कोणी आहेत त्यांना हे ऐकव.

झोपेचं राहिलंच. लिझ्यूची संत तेरेज, कार्मेल मठातली, वयाच्या २४ व्या वर्षी १८९७ मध्ये गेली, ती प्रार्थनेत सर्रास झोपायची आणि लिहून ठेवलंय तिने की आईबापाला लेकरू जागं असो की झोपलेलं, सारखंच लाडकं असतं. म्हणून म्हटलं मिस्टर अगदीच चुकीचे नाहीत.


पाळकाचा_पोरगा

काका मस्त लिहिलं, पण आम्हा प्रोटेस्टंट लोकांचं संतांच्या गोष्टींवर भागत नाही, वचन दाखवा म्हणतात :) म्हणून मी ते काम करतो.

ताई, तुम्हाला जे सांगितलं ना की काहीतरी पाप राहिलं असेल शोध, हे बायबलमध्ये आधीच कोणीतरी बोलून गेलंय. ईयोबाचे मित्र. ईयोब म्हणजे तो सज्जन माणूस ज्याच्यावर काही चूक नसताना संकटांचा डोंगर कोसळला. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक चाललं होतं, तोंड उघडलं आणि घोळ केला, अलीफज बिल्दद सोफर तिघंही घुमवून फिरवून तेच सांगून राहिले की तू काहीतरी केलं असशील त्याशिवाय असं होणार नाही. आणि शेवटच्या अध्यायात देव कोणावर चिडतो, तर या मित्रांवर! माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं सरळ सांगतो, ४२:७ काढून बघा. आणि ईयोब काय बोलला होता? तिसऱ्या अध्यायापासून जन्माच्या दिवसाला शिव्याशाप, देवाला कोर्टात उभं करायची भाषा, मला एकटं सोड वगैरे. आता गंमत बघा, याकोबाच्या पत्रात ५:११ ला धीराचं उदाहरण म्हणून याच ईयोबाचं नाव आहे! म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे, तोंड बंद ठेवणं म्हणजे धीर नाही, कारण तोंड बंद ठेवणारा माणूस याकोबाने निवडलेलाच नाही. ईयोब ओरडला, पण ओरडला देवाकडेच तोंड करून, पाठ फिरवून निघून गेला नाही, धीर तो एवढाच.

त्याच अध्यायात चार ओळी आधी, ५:७ मध्ये शेतकरी आहे, तो पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो. आपण विदर्भातले लोक हे वाचून मृग आणि परतीचा पाऊस समजतो पण पॅलेस्टाईनचं गणित वेगळं आहे, तिकडे उन्हाळा पूर्ण कोरडा, पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरला आला की वाळून दगड झालेली जमीन नांगरता येते आणि पेरणी होते, शेवटचा मार्च-एप्रिलच्या सुमाराला, त्यावर गव्हाचा दाणा भरतो. दोन्ही पाऊस शेतकऱ्याच्या हातात नाहीत. पण मधले महिने तो बांधावर हात जोडून बसलेला नसतो, नांगरणी पेरणी निंदण राखण सगळं चालूच असतं. ताई तुम्ही रात्री उठून आईंना बघता ते हेच मधल्या महिन्यांचं काम आहे असं मला वाटतं, त्याला प्रार्थनेतला व्यत्यय का म्हणायचं?

स्तोत्र ८८ पण वाचा. बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी वळण येतं, तरीही मी तुझी स्तुती करीन वगैरे, पण ८८ मध्ये नाही येत, अंधारातच संपतं. आणि तरी ते प्रार्थनांच्या पुस्तकात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही. आमचे बाबा पाळक होते, अंत्यविधीच्या आदल्या रात्री लोकांच्या घरी जाऊन हेच वाचायचे आणि उपदेश अजिबात करायचे नाहीत. मी तेव्हा हिस्लॉपला शिकत होतो, मला वाटायचं बाबांना बोलायचा कंटाळा येतो.

एकच सावधगिरीची गोष्ट, काका रागावू नका. नुसतं मन रिकामं करून बसणं मला पटत नाही, हातात वचन पाहिजे. जुनी पद्धत आहे ना, बाराव्या शतकात गीगो नावाच्या कार्थुसियन संन्याशाने चार पायऱ्या लिहून ठेवल्या, वाचायचं, त्यावर मनन करायचं, त्यातून देवाशी बोलायचं, आणि मग बोलणं थांबवून नुसतं त्याच्यासोबत राहायचं. यात शांतता शेवटी येते आणि वचनातून येते. हे आम्हाला पण चालण्यासारखं आहे, पाळक लोकांनाही आवडेल. चार ओळींच्या वर मात्र घेऊ नका, अख्खा अध्याय घेतला की अभ्यास सुरू होतो.


स्पष्टच_बोलते

सगळं वाचलं, छान आहे, ईयोब पण आणि जेनबाई पण. आता मला कोणीतरी सांगा की या घरात नणंद दीर आहेत की नाही? मिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी आईंचं कोण करतं? ताई तुम्ही अख्ख्या पोस्टमध्ये मुलगा आठवीत आहे एवढं सांगितलं, पण तो आजीसाठी काय करतो ते नाही.

माझा अनुभव असा की चर्च असो मंदिर असो, धीराचा उपदेश कायम सुनेच्या वाट्याला येतो आणि मुलाच्या वाट्याला "तो बिचारा नोकरी करतो". मी पण नोकरी करते. जेन द शांतालची गोष्ट मला अर्धी आवडली, सासऱ्याच्या जाचात सात वर्षं काढली हे कौतुकाने सांगायचं का हा माझा प्रश्न आहे. काका आदर ठेवून विचारतेय.

आणि ताई, देवाशी बोलताना काही वाटत नाही हे ठीक, पण इतर कशात वाटतं का? जेवण, गाणी, लेकराचं काही? ते आधी बघा.


जुना_सदरकर

स्पष्टच ताई, प्रश्न बरोबर आहे. फ्रान्सिसने तिला त्या घरात कायमचं राहा असं सांगितलं नाही, १६१० ला ती निघालीच, लेकरांची सोय लावून निघाली. पण सात वर्षं हे कौतुकाचं नाही हे मान्य, तिने निवडलेलं नव्हतं ते. मला कौतुक आहे ते याचं की तिने प्रार्थना घरातल्यांच्या डोक्यावर मारली नाही.


नाईट_ड्युटी

मी स्टाफ नर्स आहे, न्यूरो वॉर्डमध्ये बरीच वर्षं काढली. स्पष्टच ताईंनी विचारलं ते मी पण विचारणार होते. मेकोसाबाग ताई, झोप लागत नाही, भूक नाही, कशातच मन नाही, सगळं संपवावं वाटतं असं जर काही असेल तर ते कोरडी प्रार्थना म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरला दाखवा. मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजला) मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे १४४१६, मराठीत बोलतात. पेशंटला सांभाळणाऱ्यांना हे फार होतं आणि ते स्वतः सगळ्यात शेवटी सांगतात. एलीया संदेष्ट्याचं आठवा, १ राजे १९, रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो आता मला मरण दे, आणि देवदूत येऊन काय करतो तर उठवून भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, परत उठवून खायला देतो. देव मंद आवाजात त्याच्याशी बोलतो तो प्रसंग त्याच्या नंतरचा आहे, आधी दोन वेळचं जेवण आणि झोप.

आता कामाचं. लकव्याच्या पेशंटची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते नाहीतर पाठीला, कमरेला, टाचेला जखमा होतात, हे तुम्हाला सांगितलंच असेल. मी वॉर्डात असताना त्याच कामाला एक ओळ बांधून टाकली. पेशंटला वळवायच्या आधी एक श्वास आणि मनातल्या मनात "प्रभू येशू, दया कर". बस एवढंच. पेशंट हिंदू असो मुसलमान असो, त्याला काही ऐकू जात नाही, मला मात्र हात हळू लावायची आठवण राहते. नंतर कळलं की ही पूर्वेकडच्या चर्चची जुनी प्रार्थना आहे, प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर, असं पूर्ण म्हणतात आणि ग्रीस-रशियाकडचे संन्यासी ती श्वासाबरोबर दिवसभर म्हणत राहतात. त्याहून जुनं म्हणजे जॉन कासियान नावाचा माणूस चौथ्या शतकाच्या शेवटी इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंकडे राहून शिकून आला, तो स्तोत्र ७० ची पहिली ओळ सांगतो, देवा मला सोडवायला लवकर ये, हीच ओळ खाताना, चालताना, झोप येताना, राग आला तेव्हा, सगळ्या वेळी धरून ठेवायची. मला तर ही ओळ नर्सनेच लिहिल्यासारखी वाटते.

लोक तुम्हाला ब्रदर लॉरेन्सचं पण सांगतील, पॅरिसच्या मठात स्वयंपाकघरात काम करता करता देवाशी बोलायचा तो. चांगलाच आहे, आणि त्याला स्वयंपाक मुळात आवडायचा नाही हे मला जास्त आवडतं. पण त्याच्या घरी पेपर तपासायचे नव्हते ना हो. तेव्हा त्याच्याशी स्वतःची तुलना करत बसू नका.

वेळ काढायचा असेल तर रात्रीची काढू नका, झोप येणारच. मी ड्युटीवरून घरी जाताना गाडी स्टँडला लावून पाच मिनिटं तशीच बसायची, हेल्मेट काढून. शाळेच्या पार्किंगमध्ये जमतं का बघा. उन्हाळ्यात नको मात्र, मे महिन्यात आपल्या नागपुरात पार्किंगमध्ये बसलं तर ते वेगळ्याच प्रकारचं तप होईल.


इंदोऱ्याचा_भाऊ

जयभीम. मी बौद्ध आहे, मध्ये बोललं तर चालेल ना. हे जे तुम्ही सांगून राहिले, श्वास, मन भटकलं की परत आणा, खेकसू नका, हे सगळं आम्हाला विपश्यनेत सांगतात बा. दहा दिवस मौन. फरक काय मग? भांडायला नाही विचारत, खरंच उत्सुकता आहे, माझी बायको ख्रिश्चन घरातली आहे आणि सासरे म्हणतात तुमचं ध्यान म्हणजे मन रिकामं करणं, आमचं म्हणजे मन भरणं. मला काही ते पटलं नाही, आनापानात, म्हणजे श्वासाकडे बघत बसतो तेव्हा, मन रिकामं कुठे होते, उलट सगळा कचरा दिसते.


जुना_सदरकर

जयभीम भाऊ, या बसा. कचरा दिसतो हे अगदी खरं बोललात, आमच्याकडच्या वाळवंटातल्या साधूंनी पण हेच लिहिलंय, इवाग्रियस म्हणून होता, ३९९ ला वारला, त्याने तर मनात येणाऱ्या वाईट विचारांची आठ प्रकारांत यादी केली होती. त्यात एक दुपारचा राक्षस आहे, म्हणजे दुपारी सूर्य हलतच नाही असं वाटतं, सारखं दाराकडे लक्ष जातं, कोणी भेटायला येतं का, ही जागाच खराब, आपलं इथे काही होणार नाही. आमच्या वेळच्या सरकारी ऑफिसांत हा राक्षस पर्मनंट पोस्टवर होता.

फरकाबद्दल मला समजतं ते असं. बसण्याची रीत पुष्कळ सारखी आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आमच्यात समोर कोणीतरी आहे. तेरेसा ऑफ आविला, १६ व्या शतकातली, तिच्या लेखी प्रार्थना म्हणजे आपल्यावर प्रेम करणाऱ्या मित्राशी एकांतातलं बोलणं. तो मित्र बोलेल न बोलेल, तिलाच कितीदा वाटायचं की कधी एकदाचा हा प्रार्थनेचा तास संपतो, घड्याळाच्या ठोक्याकडे कान असायचे. पण मित्र आहे हे गृहीत. तुमच्याकडे ते गृहीत नाही, आणि तुमची शिकवण त्याशिवाय उभी आहे. दोन्ही एकच म्हणून टाकलं तर दोघांचाही अपमान होतो असं माझं मत.

व्हॅटिकनने १९८९ मध्ये यावर एक पत्रच काढलं होतं, त्यात इतर धर्मांच्या पद्धतींतलं चांगलं घ्यायला हरकत नाही म्हटलंय, पण नुसती शांत झालेली नाडी आणि बरं वाटणं म्हणजे पवित्र आत्म्याचा अनुभव असं समजू नका असंही म्हटलंय. जॉन मेन नावाचे बेनेडिक्टाईन फादर होते, संन्यासी होण्याआधी मलायात नोकरीला असताना एका हिंदू स्वामींकडून मंत्र घेऊन बसायला शिकले, आणि पुढे कासियान वाचताना त्यांना दिसलं की अरे हे आपल्याच घरात होतं. ते "मारानाथा" हा शब्द द्यायचे, सकाळ संध्याकाळ वीस ते तीस मिनिटं.


पाळकाचा_पोरगा

हे मारानाथावालं मला अजून खटकतं, एकच शब्द अर्धा तास म्हणायचा म्हणजे मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड नाही का? स्तोत्राची ओळ ठीक आहे, त्यात अर्थ आहे.


जुना_सदरकर

मारानाथा १ करिंथ १६:२२ मध्ये आहे की, आमच्या प्रभू ये! आणि गेथशेमाने बागेत, पकडले जाण्याच्या रात्री, प्रभूने स्वतः तेच शब्द पुन्हा बोलून प्रार्थना केली असं मत्तयानेच लिहिलंय. बडबड पुन्हा पुन्हा म्हणण्याने होत नाही, देवाला पटवायला बघितलं की होते. पण तुला नाही पटत तर नको म्हणू, सक्ती थोडी आहे.


मेकोसाबागवाली

बापरे एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. शाळेत डबा खाता खाता वाचलं आणि ईयोबाच्या मित्रांवर हसू आलं ते बाजूच्या मॅडमने विचारलं काय झालं.

स्पष्टच ताई, नणंद जबलपूरला आहे, दर रविवारी व्हिडिओ कॉल करून आईंना "प्रार्थना करते" म्हणते. दीर इथेच मनीषनगरला. मी त्यांना कधी म्हटलंच नाही की या, कारण मला वाटायचं म्हणणं म्हणजे तक्रार. काल मिस्टरांना पाळकाचा पोरगा यांचं ईयोबावालं वाचून दाखवलं, ते म्हणाले मग तू माझ्याशी भांड ना, देवाशी कशाला. म्हटलं बरं, मग घ्या. चांगलं तासभर झालं ते. शेवटी दिराला त्यांनीच फोन केला. पोराने पण आजीला संध्याकाळचा चहा चमच्याने पाजायचं कबूल केलंय, बघू किती टिकते.

नाईट ड्युटी ताई, जेवण जाते, गाणी पण ऐकते, झोप मिळाली तर मस्त लागते, मिळतच नाही हा प्रॉब्लेम आहे. नंबर लिहून ठेवला तरी. कूस बदलताना ती ओळ म्हणून बघितली. खरं सांगू, काही वाटलं नाही. पण त्या वेळी मी घाई केली नाही, आणि आईंनी माझ्या हाताकडे बघितलं. आता ते प्रार्थनेमुळे की मी हळू होते म्हणून, मला नाही माहीत.

एक शंका राहिली. त्या ग्रुपमधल्या एक काकू उद्या घरी येऊन आईंसाठी हात ठेवून प्रार्थना करणार म्हणतात. चांगल्या आहेत त्या मनाने, पण मोठ्याने सुरू झाल्या की आई घाबरतात, रडायला लागतात. नाही कसं म्हणायचं?


स्पष्टच_बोलते

"काकू या, पण आई घाबरतात, हळू आवाजात करा, नाहीतर बाहेरच्या खोलीत करू." संपलं. त्यांना वाईट वाटलं तर धीर त्यांनी पण थोडा धरावा.


नाईट_ड्युटी

आणि त्यांना रिकामं बसवू नका, आईंच्या चांगल्या हाताच्या बाजूला खुर्ची द्या, तो हात धरायला सांगा. हात धरला की माणूस आपोआप हळू बोलतो, वॉर्डात पाहिलंय. उजवी बाजू गेली म्हणालात ना, म्हणजे डाव्या हाताला बसवा, तिकडून आईंना स्पर्श नीट कळेल.


पाळकाचा_पोरगा

काकूंना स्तोत्र २३ वाचायला द्या, त्यात ओरडायला जागाच नाही :)


मेकोसाबागवाली

हे जमेल. डाव्या बाजूला ऑक्सिजनचं जुनं मशीन पडलंय, ते आज दिराकडून उचलून घेते, तसेही ते संध्याकाळी पहिल्यांदा येऊन राहिले आहेत. सदरकर काका, पुढच्या महिन्यात सेमिनरी हिल्सचा शनिवार कोणता ते कळलं तर इथे टाका, मिस्टरांची सेकंड शिफ्ट नसेल तर येते, आणि इंदोऱ्याचे भाऊ, तुमच्या मिसेसला यायचं असेल तर आमच्या गाडीवर एक सीट आहे.